दगडापलीकडची तोटी

वर्तमानपत्रात छापून आलेल्या माझ्या पत्रावर तीन दिवसांत कारवाई झाली, असं आयुष्यात एकदाच घडलं. घडलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मी एसटीच्या आगारात कंट्रोलर आहे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं, हे माझं काम. दिवसभर आपण बोलायचं आणि ज्याला ऐकायचंय नेमकं त्यानेच ऐकायचं नाही, याची मला इतकी सवय झालीय की घरी आल्यावरही वेगळं काही वाटत नाही. या न ऐकलं जाण्यातूनच बहुधा मला वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्रं पाठवायची खोड लागली. मोकाट कुत्री, बंद पंखे, रस्त्यात घातलेले मांडव, अशा विषयांवर मी बरंच लिहिलं. कुत्री आहेत तिथेच आहेत.

आमची कॉलनी शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिला एक चांगलं नाव आहे, पण ते फक्त लग्नपत्रिकेत वापरतात. एरवी सगळे आम्हाला 'दगडापलीकडचे' म्हणतात. जुन्या जकात नाक्याशेजारी पिवळा रंग दिलेला हद्दीचा दगड आहे. दगडाच्या अलीकडे महापालिका, पलीकडे आम्ही. धरणावरून शहराला पाणी नेणारी मोठी लाईन आमच्याच रस्त्याच्या कडेने, आमच्या फाटकांसमोरून जाते. पण आम्ही हद्दीत नाही म्हणून तिच्यावरून आम्हाला नळ मिळत नाही. दगडापासून हाकेच्या अंतरावर त्या लाईनवर एक लोखंडी एअर वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह आहे, पाईपात कोंडलेली हवा बाहेर सोडण्यासाठी बसवलेला. तो वर्षानुवर्षं गळत होता आणि त्या गळतीवर आमची चाळीसेक घरं पाणी पीत होती.

मी गच्चीवरून फोटो काढला. हंडे, कळश्या, बायकांची रांग. खाली लिहिलं, 'माताभगिनींची ही अवस्था महापालिकेला दिसत नाही काय?' आणि सही केली, 'एक त्रस्त नागरिक'.

महापालिकेला दिसली. तिसऱ्या दिवशी जीप आली, माणसं उतरली आणि त्यांनी गळती बंद करायला घेतली.

शहराचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की कारवाई होते, एवढं मी शिकलोय. जळगावचे वाचक म्हणतील हे आमचंच, धुळ्याचे म्हणतील आमचंच. दोघांनी वाटून घ्यावं. मला सांगायचंय ते निंबानानांबद्दल. पत्र माझं होतं; त्याची शिक्षा त्यांनी भोगली.

निंबानाना आमच्या समोरच्या घरात राहत. महापालिकेत वॉलमन म्हणून लागले आणि वॉलमन म्हणूनच निवृत्त झाले. कोणत्या गल्लीला पाणी कधी सुटणार, हे नगरसेवकाला माहीत नसतं, वॉलमनला असतं. आमच्या शहरात पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे नानांच्या नोकरीच्या काळात लग्नाच्या तारखा आधी भटजींकडे आणि मग नानांकडे जात. भटजींनी काढलेला मुहूर्त नाना बोटांवर मोजत आणि सांगत, "तेरा तारीखले नका धरू. चौदाले तुम्हनी गल्लीले पानी शे." मुहूर्त चौदाला सरकायचा. अशी चौदा तारखेची कितीतरी जोडपी आज शहरात सुखाने नांदत असतील.

वर्षानुवर्षं लोखंडी किल्ली फिरवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. ते चालत खाली मान घालून. तो नम्रपणा नव्हता. ते रस्त्याखालचे पाईप बघत असत. माणसांची नावं त्यांना आठवत नसत, जोडण्या आठवत. "ते का, अर्धा इंचीवाले?" असं ते एका नामांकित डॉक्टरांबद्दल म्हणत. कधी रस्त्यात थांबून किल्लीचं एक टोक लाईनवर टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटून म्हणत, "टाकी भरी ऱ्हायनी." मी एकदा कान लावून पाहिला. मला फक्त माझ्याच पोटातला आवाज ऐकू आला.

आमची ओळख झाली ती स्टँडवर. लेकीला शिंदखेड्याच्या गाडीत बसवायला ते आले होते. मी तीनदा पुकारलं. गाडी हलली, लेक खिडकीतून "नाना, नाना" म्हणून हात हलवतेय, आणि नाना पाणपोईच्या नळाशी ओणवे होऊन बसलेले. नळ टिपकत होता. खिशातल्या सुतळीचा तुकडा ते त्याच्या आट्यांना गुंडाळत होते. गाडी गेल्यावर मी केबिनमधून बाहेर येऊन म्हणालो, "आबा, लेक गेली ना तुमची."

"ती फोन करी," ते मान वर न करता म्हणाले. "ह्या नळले कोन शे?"

नाना घरात आणि दारात अहिराणी बोलत. मात्र राग आला की शुद्ध मराठीत येत, आणि तीही फाईलमधली. "सदर इसमाने" असं त्यांच्या तोंडून निघालं की सदर इसमाने तिथून निघावं, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

हद्दीचा तो दगड रोवला गेला तेव्हा नाना नुकतेच रोजंदारीवर लागले होते. मोजणीदाराने टेपचं एक टोक धरलं आणि दुसरं या पोराच्या हातात दिलं. टेप जिथे ताणून संपली तिथे दगड रोवला. पुढे प्लॉट घ्यायची वेळ आली तेव्हा दगडाच्या अलीकडचा परवडेना, म्हणून पलीकडचा घेतला. ऑफिसात सगळे सांगत होते की हद्दवाढ वर्षभरात होणारच. सरकारी माणसाने सरकारी बातमीवर विश्वास ठेवला, आता त्याला कोण काय करणार. "दोन ढांगा पुढे सरकीसन टेप धरी ऱ्हाती," ते हसून म्हणत, "तर आज मी शहरमा ऱ्हातू."

घर बांधताना नानांनी अंगणाच्या भिंतीत एक पितळी तोटी बसवली. तोटीला पाईप, तो पाईप जमिनीतून फाटकाबाहेर, मोठ्या लाईनपासून चार हातांवर नेऊन त्याला बूच मारलेलं. तोटीखाली धुण्याचा दगड, दगडाला उतार, सांडपाणी वळवलेलं कढीपत्त्याच्या झाडाकडे. सगळं तयार. राहिले होते ते चार हात, आणि ते महापालिकेच्या हातात होते.

रोज सकाळी चहाच्या आधी नाना ती तोटी उघडत, क्षणभर तिच्याकडे बघत आणि बंद करत. रविवारी चिंचेने घासत. मी नवीन राहायला आलो तेव्हा वाटलं, काही व्रत असावं. विचारलं, तर काळजी तोटीतल्या वॉशरची निघाली. म्हणाले, "वायसर सुकी जास, भाऊ. पानी उनं आन तोटी गळनी, तर लोके काय म्हंतीन? वॉलमनना घरना नळ गळस."

त्यावर ओट्यावर बसलेल्या अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता बोलल्या, "नवरीना पत्ता नई, आन हाऊ मानूस रोज मांडव झाडस."

अक्कांचे गुडघे तेव्हाच गेले होते. दोन कळश्या गळतीवरून आणायच्या म्हणजे त्यांना वाटेत तीनदा थांबावं लागे. नाना उरलेल्या आणत; पण प्यायचं पाणी अक्का स्वतःच आणत, त्यात त्यांना कोणाचा हात चालत नसे. लग्न होऊन आल्या तेव्हा नानांनी त्यांना सांगितलं होतं, मी पाणीखात्यात आहे, तुला कधी पाण्याला जावं लागणार नाही. हे अक्का कोणालाही सांगत, नानांच्या समोर सांगत, आणि नाना त्या वेळी कढीपत्त्याची वाळकी पानं खुडायला लागत.

नानांना आता दुसरं काही नको होतं. मुलगा सुरतेला होता, बोलवत होता. नाना म्हणत, एकदा या तोटीतून अक्काला कळशी भरून दिली की मी कुठेही यायला मोकळा. दर सोमवारी ते रेक्झिनची पिशवी घेऊन महापालिकेत जात आणि अर्ज देऊन येत. हद्दीबाहेरच्या घरांना, मोठ्या लाईनलगत असतील तर, विशेष बाब म्हणून जोडणी द्यावी. पोच घेऊन येत. पोच अक्कांना दाखवत. अक्का ती डोळ्यांजवळ धरून बघत आणि परत देत. त्यांना वाचता येत नव्हतं.

एका उन्हाळ्यात गळती बारीक झाली. एक कळशी भरेपर्यंत पूर्वी एक गाणं संपायचं, आता अर्धा सिनेमा संपू लागला. रांगेत भांडणं लागली. तेव्हा भिकनभाऊ, आमच्या कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले, चार जणांना घेऊन नानांकडे आले. मीही मागे होतो. अशा वेळी मी मागेच असतो.

"नाना, तुम्हनाकडे किल्ली शे," भिकनभाऊ म्हणाले. "अर्धा आटा. जास्त नई. कोन्हले कळाव नई."

किल्ली होती. ऑफिसची नानांनी निवृत्तीच्या दिवशी जमा केली होती, पण ऑफिसची किल्ली हाताला बसत नाही म्हणून नोकरीत असतानाच लोहाराकडून स्वतःची एक करून घेतली होती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली असे.

नाना शुद्ध मराठीत आले. "सदर वॉल महापालिकेच्या मालकीचा आहे. तो गळतो, तो त्याचा दोष. ते पाणी मी पितो, तो माझा नाइलाज. पण माझा हात लागला की त्याला चोरी म्हणतात."

"मंग पोरं काय प्यातीन?"

"अर्ज दिलेला आहे."

दारात अक्का रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बठ्ठा गावले पानी सोडं जनमभर. मना घरले अर्धा आटा नई का?"

नाना आत गेले, भिंतीवरून किल्ली काढली, आम्हाला क्षणभर वाटलं की निघाले. त्यांनी ती पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे सारली. ती त्यांनी आमच्यापासून लपवली, की स्वतःपासून, हे मला आजही सांगता येत नाही.

तर अशा गळतीचा फोटो मी वर्तमानपत्रात पाठवला.

जीपमधून आलेली माणसं तरुण होती, कंत्राटावरची. त्यांच्याबरोबर पाणीखात्याच्या इंजिनिअर मॅडम, मूळच्या पहूरच्या, नोकरीला नव्याच लागलेल्या. एअर वॉलच्या खाली तो बंद करायचा एक जुना कॉक होता. पोरांनी त्याला पाना लावला आणि जगातले सगळे कॉक बंद होतात त्या बाजूला जोर केला. हा मात्र उलट्या आट्यांचा होता. तो पूर्ण उघडला, वरचा सडलेला भाग उडाला आणि विजेच्या खांबाएवढा फवारा आभाळात गेला.

मग आमच्या कॉलनीत सणच झाला. टिपं, बादल्या, परात, कुकर, ज्याला पोकळी आहे ते सगळं बाहेर आलं. लहान पोरं नाचत होती. माझी बायको सुनंदा अमळनेरच्या शिस्तीच्या घरातली, एरवी ओल्या केसांनी दारात न येणारी, चिंब होऊन हंडे लावत होती. मी बादली घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, पत्राचा काही अगदीच वाईट परिणाम झालेला नाही.

मॅडम मात्र रडवेल्या झाल्या होत्या. फोनवर वरून विचारणा चालली होती. लाईनचा दाब गेला तर शहरातली टाकी भरणार नाही, आणि त्या टाकीवर सरकारी दवाखाना होता. धरणावरून लाईन बंद केली तर आख्ख्या शहराची पाळी चुकणार. कोणीतरी त्यांना सांगितलं, उलट्या आट्यांचा हा कॉक एकाच माणसाला माहीत आहे आणि तो समोरच राहतो.

नाना आधीच फाटकात उभे होते. किल्ली हातात होती. ट्रंकेच्या मागून केव्हा काढली, कोण जाणे.

भिकनभाऊंनी त्यांची वाट अडवली. आवाज चढवला नाही, उलट हातच जोडले. "नाना, आज ह्या तुम्हना दारात उनात. पह्यले लिखी ल्या. चाळीस घरना नळ. मंग फिरवा किल्ली. पुन्हा असा दिस येवाव नई."

सगळी कॉलनी हंडे सोडून जवळ आली. पोरंसुद्धा. फक्त पाण्याचा आवाज. मॅडम नानांकडे बघत होत्या. त्यांच्याकडे लिहून द्यायचा अधिकार नव्हता, पण त्या क्षणी कोणी कागद पुढे केला असता तर त्यांनी सही केली असती असं मला वाटतं.

नानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का भरलेल्या हंड्याशेजारी उभ्या होत्या, एक हात हंड्यावर ठेवून, जणू तो कोणी उचलून नेईल.

"खाले दवाखाना शे, भिकन," नाना म्हणाले. "तठे कागद चालत नई. पानीच लागस."

आणि ते फवाऱ्यात शिरले. क्षणभर दिसेनासे झाले. मग पाणी हळूहळू खाली आलं, माणसाएवढं झालं, कमरेएवढं, गुडघ्याएवढं. नाना दिसले, वाकलेले, तो खाली आलेला खांदा किल्लीवर टेकवून फिरवत असलेले. शेवटी एक धार राहिली, मग थेंब. थेंबही त्यांनी राहू दिला नाही. रुमालाने तोंड पुसून ते म्हणाले, "बंद व्हयनं."

मॅडमनी सर्वांसमोर सांगितलं, "नाना, तुमची फाईल मी स्वतः वर पाठवते." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी खरंच पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिथे नवा वॉल बसला आणि भोवती सिमेंटची पेटी. कॉलनीतल्या कोणीही, पत्र कोणी लिहिलं, असं विचारलं नाही. पाणी नानांनी तोडलं, हे चाळीस घरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भिकनभाऊंनी नानांचं दळण घेणं बंद केलं. गिरणीच्या पट्ट्याचं निमित्त सांगितलं. पाण्याच्या टँकरचा ग्रुप केला होता, त्यात नानांचा नंबर घालायचा राहून गेला. माझ्याकडे तोंड उघडायची संधी किमान तीन वेळा आली. तीनदा पुकारायची माझी नोकरीच आहे. मी एकदाही पुकारलं नाही.

फाईल वर गेली आणि फिरायला लागली. नाना तिच्यामागे. आता सोमवारच नव्हे, गुरुवारही. महापालिका म्हणाली, हद्दीबाहेर जोडणी देण्याबाबत धोरण नाही. धोरण ठरेपर्यंत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणाली, पाणी त्यांचं, पाईप त्यांचा, आमचा दाखला कशाला? शिवाय आम्ही दाखला दिला तर तुम्ही आमचे ठरता, मग उद्या नळ आमच्याकडे मागाल. नाना दोन्हीकडचं म्हणणं शांतपणे ऐकत आणि दोन्हीकडे पोच घेत. एकदा मी त्यांना स्कूटरवरून सोडायला गेलो, तेवढंच माझं प्रायश्चित्त. येताना ते दगडापाशी थांबायला सांगून उतरले, दगडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, दमले. म्हणाले, "रंग उडी गया. नवा द्याले पाहिजे." आणि पुढच्या रविवारी स्वतः पिवळा डबा घेऊन जाऊन दगड रंगवून आले. का, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

टँकर मंगळवारी आणि शनिवारी येई. तो आला की पळायचं, नळी आधी पकडायची. अक्कांना पळता येत नव्हतं. नाना फाईलच्या मागे असले की त्यांच्या घरची नळी पकडायला कोणी नसे. सुनंदा आमच्या दोन बादल्यांतली एक त्यांच्या ओट्यावर ठेवून येई, मला न सांगता. मला माहीत होतं. मीही तिला सांगितलं नाही.

मग सर्वसाधारण सभा झाली आणि धोरण ठरलं. मॅडमची त्याआधीच बदली झाली होती. नाना संध्याकाळी आमच्याकडे आले. पाणी घेता का, असं सुनंदाने विचारलं तर नको म्हणाले. कॉलनीत कोणी आता दुसऱ्याच्या घरी पाणी पीत नसे. पिशवीतून कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. हद्दवाढ होईपर्यंत हद्दीबाहेरील कोणत्याही मिळकतीस जोडणी देऊ नये, असं त्यात होतं.

"धोरण ठरले आहे," नाना म्हणाले. शुद्ध मराठीत. "आजवर नव्हते, म्हणून अर्ज करता येत होता. आता सदर विषय संपला."

"हद्दवाढ होईल ना, नाना," मी म्हणालो. असं काहीतरी बोलावंच लागतं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कागदाची घडी घालायला लागलो. घडी नीट जमेना.

त्यानंतरच्या शनिवारी टँकर आला तेव्हा नाना घरीच होते, पण तोटीसमोर बसून होते. अक्कांनी कितीतरी हाका मारल्या तरी उठले नाहीत. अक्का स्वतःच निघाल्या. गर्दीत कोणाची तरी नळी सुटली, चिखल झाला, त्यात त्यांचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे नळाला पाणी होतं. चांगल्या दाबाने येत होतं. नाना वॉर्डातल्या बेसिनचा नळ उघडून, हात त्या धारेखाली धरून उभे राहिलेले मी पाहिले. नर्स ओरडली तेव्हा त्यांनी नळ बंद केला. घट्ट.

अक्का उठून बसायला लागल्यावर लेकीने ठरवलं, दोघांना शिंदखेड्याला न्यायचं. सुरतेचा मुलगा पुढे बघू म्हणाला. निघायच्या दिवशी कॉलनीतलं कोणी स्टँडवर आलं नाही. मी तर ड्युटीवरच होतो.

केबिनच्या काचेतून मी त्यांना येताना पाहिलं. अक्का चाकाच्या खुर्चीत, लेक ढकलतेय, नाना मागे रेक्झिनची पिशवी काखेत घेऊन. मी गाडी पुकारली. शिंदखेड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. पुन्हा पुकारली. मग केबिन सोडून खाली आलो. दोन कंडक्टरांनी अक्कांना उचलून आत बसवलं. त्या खिडकीशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुनंदाले सांग, बादली मना ओट्यावरच शे. लई जाय म्हना."

नाना पाणपोईकडे वळले होते. तोच नळ. आता टिपकत नव्हता, तरी त्यांनी हाताने तपासला. मी जवळ गेलो. त्यांनी खिशातून घराच्या कुलपाची चावी काढून माझ्या हातात दिली.

"तोटी रोज फिरवत जा, भाऊ. वायसर सुकाले नको."

मी म्हणालो, "नाना, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते पत्र..."

"तुम्हनीच गच्चीवरथून तसा फोटो येस," ते म्हणाले. "त्याच दिवशी वळखं. तुम्हनी टाकीनं झाकण दिसत व्हतं कोपराले."

मी वाट पाहत होतो. आता 'सदर इसम' येईल, यावं, असं मला वाटत होतं. ते आलं नाही. नाना अहिराणीतच बोलत राहिले, हळू, शेजारच्याला पाण्याची पाळी सांगावी तसं. "तुम्ही नळकरता लिखं. मीबी नळकरताच लिखत व्हतो. दोन्हीसनं सारखंच व्हयनं."

"मग कॉलनीत सांगितलं का नाही?"

"सांगीसन काय? लोकेसले ऱ्हावानं तुम्हनाबरोबर शे. मी तं चालनू."

गाडीने हॉर्न दिला. त्या एका गाडीला मी ड्युटीत पहिल्यांदा मुद्दाम उशीर करू दिला. नाना चढले. अक्कांच्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर. गाडी वळली तेव्हा ते बाहेर बघत होते, पण माझ्याकडे नव्हे. खाली, रस्त्याकडे. पाईपांकडे.

संध्याकाळी घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. पत्राचंसुद्धा. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. मी म्हणालो, "तुला धक्का नाही बसला?"

"फोटो काढायला गच्चीवर चढलात तेव्हा शिडी मीच धरली होती," ती म्हणाली.

तिने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, नानांची चावी माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवली, जिथून ती रोज नजरेला पडेल. मग म्हणाली, "तोटी उद्यापासून तुम्ही फिरवायची. मी नाही. आणि पहाटे कोणी उठायच्या आत नाही, टँकर येतो त्या वेळी, सगळे बाहेर असतात तेव्हा. कोणीतरी विचारेलच, कोरडी तोटी रोज का फिरवता म्हणून. भिकनभाऊच विचारतील. तेव्हा तेवढं एकदा, माईक नसताना, सांगा."